वेळूचा तिरकमठा

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे घरोघरी एकच चिंता उभी राहते. मुलांस हे सहा-सात आठवडे गुंतवावे तरी कशात? विकतची खेळणी चार दिवसांत मोडून कोपऱ्यात पडतात. हातातील छोट्या पडद्यावरचे खेळ डोळे शिणवितात आणि हात मात्र रिकामेच ठेवतात. ज्या हातांनी पुढे संसार सावरावयाचे, त्या हातांस एखादी वस्तू आरंभापासून अखेरपर्यंत घडविण्याचा अनुभव बालपणी मिळालाच नाही, तर तो मिळणार केव्हा? म्हणून ह्या वेळी आम्ही वाचकांपुढे एक जुनी, स्वस्त आणि शिकवण देणारी वस्तू ठेवीत आहोत. ती म्हणजे घरी केलेला वेळूचा तिरकमठा.

तिरकमठा हा शब्दच किती बोलका आहे! त्यातील तीर फारसीतून आपल्याकडे आला, आणि कमठा म्हणजे वेळूचे धनुष्य. पुराणातील वीरांच्या हाती धनुष्यबाण शोभतो. रानातील माणसाच्या खांद्यावर असतो तो तिरकमठा. आम्ही येथे त्या दुसऱ्याचाच विचार करणार आहोत.

विद्यापीठाच्या शेजारून रानाकडे

हैदराबादेतील आमचे विद्यानगर उस्मानिया विद्यापीठाच्या लगत वसले आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठात १९४०च्या दशकात क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ अध्यापन करीत होते, हे येथील थोड्याच रहिवाशांस ठाऊक असेल. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा ते हिंदुस्थानात होते. जवळ जर्मन पारपत्र असल्यामुळे आरंभी त्यांच्या हालचालींवर निर्बंध आले आणि निजामाच्या राज्यातच त्यांस राहावे लागले. त्या सक्तीच्या मुक्कामाचे त्यांनी सोने केले. हैदराबादच्या दक्षिणेस कृष्णेच्या दोन्ही तीरांवर नल्लमलाचे डोंगर पसरले आहेत. तेथील चेंचू लोकांमध्ये जाऊन ते राहिले, आणि १९४३ साली त्यांचा चेंचूंवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

चेंचू हे शेती न करता रानावर जगणारे लोक. पुरुषाच्या हाती तिरकमठा आणि स्त्रीच्या हाती कंद उकरण्याची काठी, ही त्यांच्या घराची खरी मालमत्ता. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रोजचे पोट मुख्यतः भरत असे ते कंदमुळे, फळे आणि पाने ह्यांवर. शिकारीचा वाटा त्या मानाने लहान. म्हणजे धनुष्याचा दरारा मोठा, परंतु चूल पेटती ठेवणारी ती स्त्रीची साधी काठीच. आमच्या घरांतही पुष्कळदा असेच असते, आणि पुष्कळदा ते असेच विसरले जाते.

पुढे काळ पालटला. १९७२ साली वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला. १९८३ साली ह्याच डोंगरांत व्याघ्र प्रकल्प घोषित झाला, आणि तेलंगण राज्य वेगळे झाल्यावर त्याचा अलीकडील भाग अमराबाद व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखला जाऊ लागला. रान आणि रानातील प्राणी वाचले पाहिजेत, ह्याविषयी दुमत नाही. परंतु जी विद्या रोज हाताखालून जात नाही ती एका पिढीत विरून जाते. बापाने मुलास कमठा तासावयास शिकविले नाही, तर नातवास त्या कमठ्याची ओळख कोण करून देणार? शहरातील आपल्या मुलांनी एक धनुष्य स्वतःच्या हाताने केले, तर चेंचूंचे रान त्यांस परत मिळणार नाही हे खरे. पण रानातील माणसास अडाणी म्हणण्यापूर्वी आपली मुले दोनदा विचार करतील, एवढे तरी निश्चित घडेल.

खानदेशची रीत

आपल्या महाराष्ट्रात तिरकमठा म्हटला की धुळे-नंदुरबारकडील भिल्ल बांधव डोळ्यांपुढे येतात. भिल्ल ह्या नावाचा संबंध द्राविडी भाषांतील धनुष्य ह्या अर्थाच्या शब्दाशी अनेक विद्वानांनी जोडला आहे. विद्यानगरच्या वाचकांस हे सहज पटेल, कारण तेलुगूत धनुष्यास आजही विल्लु म्हणतात. भिल्लांच्या कमठ्याचे वैशिष्ट्य असे की, धनुष्य वेळूचे आणि त्याची दोरीही पुष्कळदा वेळूच्याच सालीची पातळ पट्टी. एका झाडातून दांडा आणि दोरी दोन्ही निघतात. बाजारातून काही आणावयास नको. ह्याहून काटकसरीचे शस्त्र कोणते असेल?

एकलव्याची कथा ह्या लोकांत मोठ्या आदराने सांगितली जाते. गुरुदक्षिणेत त्याचा अंगठा गेला, म्हणून भिल्ल धनुर्धारी दोरी ओढताना अंगठा लावीत नाहीत, असेही सांगतात. कथा कथेच्या जागी असो. पण आजच्या ऑलिंपिक पद्धतीच्या धनुर्विद्येतही दोरी तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ह्या तिहींनीच ओढतात, अंगठा दोरीस लागत नाही. ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

वेळूची निवड

वेळू हे खरे पाहता झाड नव्हे, ते गवत आहे. १९२७च्या वनकायद्याने त्यास वृक्षांत गणले होते, आणि २०१७ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढलेल्या वेळूस त्या गणनेतून वगळण्यात आले. गवताचे धागे जसे बुंध्यापासून शेंड्याकडे सरळ धावतात, तसेच वेळूचेही. त्यांत सालीजवळचे धागे दाट व चिवट असतात. आतल्या बाजूस ते विरळ होत जातात. कमठ्याचे सारे सामर्थ्य ह्या बाहेरच्या सालीत आहे, हे प्रथम मनावर ठसवावे.

धनुष्यासाठी जाड भिंतीचा, पोकळी थोडी असलेला वेळू हवा. आपल्याकडे मानवेल म्हणून ओळखला जाणारा भरीव वेळू उत्तम. तो अंदाजे तीन वर्षांचा पक्व असावा. हिरवा, कोवळा घेऊ नये. काळे डाग, भोके अथवा उभी चीर असलेला सोडून द्यावा. वेळूत गोडसर सत्त्व असते आणि त्यासाठीच किडे त्यास पोखरतात. म्हणून तो हिवाळ्यात तोडलेला आणि सावलीत काही महिने उभा ठेवून वाळविलेला असला तर अधिक टिकतो. उन्हात घाईने वाळविलेला वेळू चिरतो.

हैदराबादेत वेळूचे काम करणारे कारागीर मेदरी म्हणून ओळखले जातात. त्यांसच आपण मराठीत बुरूड म्हणतो. वेळूस तेलुगूत वेदुरु म्हणतात, एवढे शब्द ठाऊक असले की काम भागते. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या अनुयायांत मेदार केतय्या हे वेळूकाम करणारे शरण होऊन गेले; तेव्हा हा धंदा हलका मानण्याचे काही कारण नाही. मुलांस बरोबर न्यावे, वेळू त्यांच्यासमोर फाडून घ्यावा, आणि कारागीर मागेल ती मजुरी घासाघीस न करता द्यावी. कोयत्याच्या एका घावाने वेळू सरळ रेषेत कसा उकलतो, हे पाहणे हाच पहिला धडा आहे.

कामटी तासणे

दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी चार फूट लांबीची कामटी पुरे; थोराड मुलासाठी साडेचार ते पाच फूट. सर्वसाधारण नियम असा की, दोरी जितकी मागे ओढावयाची त्याच्या दुपटीहून काही अधिक धनुष्याची लांबी असावी. आखूड धनुष्यास फार ओढले की ते मोडणारच. कामटीची रुंदी सुमारे दीड इंच ठेवावी. तिच्या गाठी मध्यापासून दोन्हीकडे शक्य तितक्या सारख्या अंतरावर येतील अशा बेताने ती कापावी.

आता धनुष्यास पाठ कोणती आणि पोट कोणते हे समजून घ्यावे. बाण मारणाऱ्याच्या समोर, लक्ष्याकडे राहते ती पाठ. त्याच्याकडे वळलेले ते पोट. धनुष्य वाकले की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. ताण सोसण्याचे काम चिवट सालीनेच करावे, म्हणून साल पाठीकडे ठेवावी आणि तिला धारेचा स्पर्शही होऊ देऊ नये. सालीवर एक आडवा चरा पडला तरी तेथूनच धनुष्य तुटते. बाहेरच्या गाठींची टोचणारी कडा काचकागदाने जरा मऊ करावी, त्याहून अधिक काही करू नये. जे काय तासावयाचे ते पोटाच्या बाजूने.

आतील गाठींचे पडदे प्रथम काढून पोट सपाट करावे. मध्यावर चार इंच जागा मुठीसाठी राखावी. तेथे वेळू तसाच जाड ठेवून, वर वेळूचाच एक आखूड तुकडा सुतळीने घट्ट बांधला तर मूठ वाकत नाही. मुठीपासून टोकांकडे रुंदी हळूहळू कमी करीत टोकाशी अर्ध्या इंचावर आणावी. जाडीही त्याच क्रमाने कमी करावी. दोन्ही टोकांपासून अर्धा इंच आत, दोन्ही कडांस कानशीने तिरक्या खाचा पाडाव्यात. खाचांच्या कडा गुळगुळीत असाव्यात, नाहीतर दोरी कापली जाते. शेवटी सर्व उभ्या कडा गोलसर कराव्यात. तीक्ष्ण कडेतूनच फाटा सुटतो. कोयता आणि सुरी वडीलधाऱ्यांनी चालवावी, कानस आणि काचकागद मुलांच्या हाती द्यावा.

वाक पाहणे

येथवर काम सुताराचे होते. येथून पुढे ते पारख्याचे होते. कमठा चांगला की वाईट हे त्याच्या वाकावरून ठरते. प्रथम धनुष्याहून लांब अशी एक सैल सुतळी दोन्ही खाचांत अडकवावी. मुठीच्या जागी पाय हलके दाबून किंवा मूठ भिंतीवरील मजबूत खुंटीवर टेकवून सुतळी चार-सहा इंच ओढावी, आणि दुसऱ्याने दूर उभे राहून वाक पाहावा. दोन्ही बाहू सारखे वाकतात काय? कोठे सरळ, ताठ तुकडा राहिला आहे काय? एखाद्या ठिकाणी कोपरासारखा मोड येतो काय?

जो भाग ताठ राहिला त्यावर कोळशाची खूण करावी, दोरी काढावी, आणि खुणेच्या जागी पोटाकडून थोडे खरवडावे. ह्यासाठी सुरीची धार उभी धरून चालते. खरवडून झाल्यावर धनुष्य वीस-तीस वेळा हलकेच वाकवावे, म्हणजे झालेला बदल दिसू लागतो. मग पुन्हा पाहावे, पुन्हा खूण करावी, पुन्हा खरवडावे. जो भाग अधिक वाकतो त्यास मात्र मुळीच हात लावू नये; तो दुबळा आहे, आणि त्याचा भार हलका करण्याचा उपाय एकच, बलवान भागाने अधिक वाकावयास शिकावे. वेळू बुंध्याकडे जाड असतो, म्हणून बुंध्याकडचा बाहू बहुधा ताठ निघतो व त्यावरच अधिक काम करावे लागते.

हे काम एका बैठकीत उरकू नये. दोन-तीन संध्याकाळी जाऊ द्याव्यात. उतावीळ मूल येथेच धनुष्य बिघडविते, कारण तासलेला वेळू परत जोडता येत नाही. ‘आणखी थोडे खरवडू का?’ असे मुलाने विचारले की आधी पुन्हा एकदा वाक पाहावयास सांगावे. आमच्या मते सबंध उद्योगात ह्याहून मोलाचा क्षण नाही. जेथे मुलाचा हात आपण होऊन थांबतो, तेथे विवेकाचा आरंभ होतो.

कामटी आडवी वाकडी असेल तर निखाऱ्यांवर उंच धरून, सतत फिरवीत, तो भाग तापवावा. तापल्यावर वेळू मऊ होतो. मग सरळ करून निवेपर्यंत तसाच धरावा. साल काळी पडू देऊ नये.

वाक सारखा झाला की खरी दोरी चढवावी आणि ताण मोजावा. भाजीवाल्याकडे असतो तसा लटकता ताणकाटा दोरीस अडकवून ओढला की आकडा कळतो. मुलासाठी पाच ते सात किलोंचा ताण पुरेसा आहे. बळ दाखविण्यासाठी जड धनुष्य देऊ नये. त्याने नेम बिघडतो आणि खांदा दुखावतो.

दोरी आणि बाण

दोरीसाठी अंबाडीचा वाख घ्यावा. हैदराबादकरांस ज्या गोंगुऱ्याच्या लोणच्याचा एवढा लळा आहे, तीच ही अंबाडी. पाने ताटात आणि सालीचा वाख दोरखंडात. तीन पेडांची दोरी घट्ट वळून तिला मेण चोळावे, म्हणजे ती भिजत नाही व झिजत नाही. बाजारातील नायलॉनची दोरी ताणली की लांबते, त्यामुळे ती ह्या कामास योग्य नाही. दोरी धनुष्याहून सुमारे तीन इंच आखूड असावी. ती चढविल्यावर मूठ आणि दोरी ह्यांत किती अंतर हवे? मुठीवर हात आवळून अंगठा उभा केला असता त्याचे टोक दोरीस टेकावे, इतके. खेळ संपला की दोरी नेहमी उतरून ठेवावी. सदा ताणलेले धनुष्य आपली उसळी गमावून बसते.

बाण सरळ बोरूचा अथवा वेळूच्या बारीक कामटीचा करावा. मागील टोकास दोरीसाठी खाच, तिच्याखाली दोऱ्याचे चार वेढे म्हणजे खाच फाटणार नाही. खाचेपासून इंचभर अंतरावर तीन अर्धी पिसे सारख्या अंतराने चिकटवावीत. पिसांमुळे बाणाचे शेपूट मागेच राहते व तो सरळ जातो. कोंबडीची गळलेली पिसे ह्यास चालतात. पुढील टोकास अणकुची मुळीच करू नये. कापडाचा जाड बोळा बांधावा किंवा रबराचे बोथट टोपण बसवावे. मुलाने धनुष्य पूर्ण ओढले तरी बाण मुठीच्या पुढे दोन-तीन इंच उरला पाहिजे. आखूड बाण हातात घुसतो.

न मोडावयाचे नियम

बोथट बाणही डोळा घालवू शकतो. तेव्हा पुढील नियम आईबापांनी स्वतः पाळावे आणि पाळून घ्यावे.

विद्यानगरसारख्या दाट वस्तीत गल्लीत, गच्चीवर किंवा सज्जातून बाण मारू नये. मोकळे मैदान, मागे कोरी भिंत, आणि भिंतीपुढे वाळल्या गवताने ठासून भरलेली दोन पोती, एवढी व्यवस्था असेल तरच खेळ मांडावा. बाण मारणारे सारे एका रेषेत उभे राहावेत, पाहणारे त्यांच्या मागे. बाण आणावयास जाण्यापूर्वी सर्वांनी धनुष्ये जमिनीवर ठेवावीत. माणसाकडे, गुराकडे अथवा आकाशाकडे बाण रोखू नये. वर गेलेला बाण कोठे उतरेल हे कोणीच सांगू शकत नाही. चिमणी-कावळ्यावरही नाही, पाखरू मारणे हा पराक्रम नव्हे, आणि वन्य पक्ष्यांस मारणे कायद्यानेही निषिद्ध आहे. बाण न लावता रिकामी दोरी ओढून सोडू नये. जे बळ बाणाने घेऊन जावयाचे ते धनुष्यातच उलटते आणि त्यास तडा जातो. दर वेळी खेळापूर्वी पाठीवरून बोट फिरवून फाटा सुटला नाही ना, हे पाहावे. फाटा दिसला की ते धनुष्य बाद. कितीही श्रमाचे असले तरी ते बादच.

कमठ्यापासून पुढे

हा खेळ केवळ सुट्टीपुरता आहे असे कोणी समजू नये. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातील लिंबाराम ह्या आदिवासी मुलाने वेळूच्या धनुष्यावरच हात बसविला. १९८०च्या दशकात सरकारी क्रीडा योजनेच्या निवड चाचणीत तो निवडला गेला, आणि १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिकांत तो भारताकडून उतरला. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या मजूर कुटुंबातील प्रवीण जाधव २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकला गेला. २०२३ साली बर्लिन येथे साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे ह्यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळविले. मराठी मुलांच्या हातात बाण स्थिर राहतो, ह्याची ही साक्ष होय.

परंतु अशा स्पर्धांची यांत्रिक धनुष्ये लाखांच्या घरात जातात आणि ती गरीब घराच्या आवाक्याबाहेर असतात. म्हणूनच आपल्या देशात इंडियन राउंड नावाचा प्रकार चालतो. त्यात वेळूचे व लाकडाचे देशी धनुष्य वापरतात, आणि मजुराच्या मुलासही पहिली पायरी चढता येते. शेजारच्या भूतानात तर धनुर्विद्या हा राष्ट्रीय खेळ आहे. तेथे वेळूच्या धनुष्याने सुमारे १४० मीटरवरील लक्ष्य वेधण्याची परंपरा आजही गावोगाव जिवंत आहे. वेळूचे धनुष्य म्हणजे पोरखेळ, असे म्हणणाऱ्यास हे एकच उत्तर पुरे.

तेव्हा वाचकहो, ह्या सुट्टीत एक वेळू घरी आणावा. वडिलांनी तासावे, आजोबांनी दोरी वळावी, आईने वाक पाहून निवाडा द्यावा, आणि मुलामुलींनी खरवडावे. मुलींस वगळू नये, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पहिला कमठा कदाचित मोडेल. मोडला तर त्याचे तुकडे टाकून देण्यापूर्वी कोठे व का मोडला हे सर्वांनी मिळून पाहावे. दुसरा त्याहून चांगला होईल. आणि तो तयार होऊन भिंतीवर टांगला गेला, म्हणजे एखाद्या रात्री जेवणानंतर मुलांस सांगावे की, आपल्या शहरापासून काही तासांच्या अंतरावर असे लोक राहतात, ज्यांच्या आजोबांस हे काम डोळे मिटून येत होते.